फ्यूज बदलल्याने आवाज सुधारतो का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरातील ध्वनियंत्रणेचा फ्यूज बदलून आवाजाचा दर्जा वाढतो का, या एकाच विषयावरची पत्रे सदराकडे इतकी साचली आहेत की, या अंकात दुसरा विषय घेतलेला नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. जिथे प्रश्न लहान पण धोका मोठा आहे, तिथे उत्तर मुद्दाम लांबवले आहे.

प्रश्न : माझ्या ॲम्प्लिफायरमधील साधा काचेचा फ्यूज काढून त्याजागी चांदीच्या तारेचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या टोप्यांचा आणि अतिशीत प्रक्रिया केलेला फ्यूज बसवला, तर खर्ज घट्ट होतो आणि वाद्ये एकमेकांपासून सुटी ऐकू येतात, असे एका जाणकार मित्राने सांगितले. या फ्यूजची किंमत माझ्या ॲम्प्लिफायरच्या किमतीच्या जवळजवळ चौथा हिस्सा आहे. तो घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र नुसते मत देऊन थांबणे योग्य नाही, म्हणून कारणे सविस्तर देतो.

शाळेच्या पुस्तकात आपण जिला वितळतार म्हणत होतो, तीच ही वस्तू. काचेच्या किंवा चिनी मातीच्या नळीत, धातूच्या दोन टोप्यांच्या मध्ये ताणलेली ही बारीक तार अशी निवडलेली असते की, प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला म्हणजे साऱ्या यंत्रात सर्वांत आधी तीच वितळावी. कल्पना जुनी आहे. तारायंत्राच्या केंद्रांचे विजेच्या कडकडाटापासून रक्षण करण्यासाठी मार्गात मुद्दाम बारीक तार घालावी, असे फ्रान्समधील लुई ब्रेगे याने १८४७ मध्ये सुचवले होते. आजच्या घरगुती ध्वनियंत्रांत बहुधा ५ मिलिमीटर व्यासाचा आणि २० मिलिमीटर लांबीचा फ्यूज असतो, तर जुन्या आणि विशेषतः अमेरिकी बनावटीच्या यंत्रांत ६.३ बाय ३२ मिलिमीटरचा आढळतो. म्हणजे ज्या भागावर आपण एवढा खर्च करणार आहात, त्यातला विजेचा प्रवास जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरांचा आहे.

आता आकडेच मांडू. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या मध्यम ताकदीच्या ॲम्प्लिफायरमध्ये साधारण तीन-चार ॲम्पियरचा फ्यूज असतो आणि त्याचा रोध एका ओहमच्या काही शतांशांइतका, समजा ०.०३ ओहम असतो. नेहमीच्या आवाजात ऐकताना यंत्र अर्धा ॲम्पियर प्रवाह घेते असे धरले, तर फ्यूजच्या दोन टोकांमध्ये खर्ची पडणारा दाब १५ मिलिव्होल्ट भरतो. आता हे लक्षात घ्या की, २३० व्होल्टच्या पुरवठ्यात दहा टक्के, म्हणजे २३ व्होल्टचा चढ-उतार सामान्यतः गृहीतच धरलेला असतो. हा चढ-उतार फ्यूजवरील दाबाच्या सुमारे दीड हजार पट आहे. भिंतीतल्या तारांचेही तसेच आहे. दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे १२ मिलीओहम असतो. वीजपेटीपासून यंत्रापर्यंतचे अंतर २० मीटर असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटर तारेचा रोध जवळजवळ अर्धा ओहम, म्हणजे आपल्या फ्यूजच्या सोळा पट होतो. त्याच्या पुढे ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्याचे शेकडो वेढे आहेत, आणि तेही साध्या तांब्याचेच आहेत. या सगळ्या साध्या तांब्याच्या मधोमध दोन सेंटिमीटर चांदी घातल्याने काय साधेल, याचा विचार आपणच करावा. त्यातही चांदीची वाहकता तांब्यापेक्षा फक्त पाच-सहा टक्क्यांनी सरस आहे. शिवाय फ्यूजला ठरलेल्या प्रवाहाला वितळायचेच असते. धातू अधिक चांगला वाहक निवडला, तर तार अधिक बारीक करावी लागते आणि धातूचा फायदा तिथेच बराचसा खर्ची पडतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अज्ञानातून आलेला नाही, म्हणून त्याचे उत्तर देणे आवश्यक आहे. यंत्र भिंतीतून प्रवाह सलग घेत नाही, हे खरे आहे. रेक्टिफायर, म्हणजे उलटसुलट वाहणारा प्रवाह एकाच दिशेचा करणारा भाग, केवळ दाबाच्या शिखरापाशी, सेकंदाला शंभर वेळा (६० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १२० वेळा), क्षणभर उघडतो आणि त्या अवधीत मोठे कपॅसिटर भरून घेतो. त्यामुळे त्या क्षणीचा प्रवाह सरासरीच्या कित्येक पट असतो, आणि फ्यूज नेमका याच झटक्यांना अडवतो, असे सांगितले जाते. समजा, झटका सरासरीच्या पाचपट आहे. तरी फ्यूजवरील दाब ७५ मिलिव्होल्ट होतो, आणि तो ३२५ व्होल्टच्या शिखरातून वजा होतो. मुख्य म्हणजे आपण जे ऐकतो ते त्या झटक्यांतून थेट येत नाही, ते कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विद्युतभारातून येते. त्या कपॅसिटरांवर मोठ्या आवाजाच्या वेळी व्होल्टभराची किंवा त्याहून जास्त लहर असतेच, आणि ती स्पीकरपर्यंत पोहोचू न देणे हेच ॲम्प्लिफायरच्या मांडणीतले एक मूलभूत कौशल्य आहे. व्होल्टभराची लहर जो ॲम्प्लिफायर आपल्याला ऐकू येऊ देत नाही, तो मिलिव्होल्टांचा फरक कानापर्यंत पोहोचवील, हे मानणे कठीण आहे. प्रीॲम्प्लिफायर, डिजिटल प्लेयर यांसारख्या यंत्रांत तर पुढे व्होल्टेज रेग्युलेटर बसवलेले असतात, आणि स्विच मोड पुरवठा (प्रवाह अतिवेगाने चालू-बंद करून दाब बदलणारा) आपले निर्गत, म्हणजे आउटपुट, स्वतःच सेकंदाला हजारो वेळा सावरून घेत असतो.

राहता राहिली अतिशीत प्रक्रिया. जिचे कामच तापणे आणि प्रसंगी वितळणे हे आहे, त्या तारेला कारखान्यात गोठवून काय मिळवायचे, हा प्रश्न मी अनेक विक्रेत्यांना विचारला आहे. उत्तरादाखल मला प्रत्येक वेळी एक माहितीपत्रक मिळाले.

प्रश्न : आपण काहीही म्हणा, मी फ्यूज बदलला आणि फरक स्वतःच्या कानांनी ऐकला. माझी पत्नी स्वयंपाकघरात होती, तिलाही तो जाणवला. हा सारा भास आहे, असे आपले म्हणणे आहे का?

उत्तर : भास हा शब्द मी वापरणार नाही, कारण आपण ऐकलेला फरक खराही असू शकतो. तो फ्यूजच्या धातूमुळे पडला का, एवढाच माझा प्रश्न आहे.

फ्यूज बदलताना प्रत्यक्षात काय काय बदलते, ते आठवून पाहा. यंत्र बंद होते, थंड होते आणि पुन्हा सुरू होते. मागची बाजू हाताला यावी म्हणून यंत्राचे कपाट ओढले जाते, केबली काढून पुन्हा घातल्या जातात आणि त्या निमित्ताने त्यांच्या टोकांवरचा वर्षानुवर्षांचा काळपट थर घासला जातो. फ्यूज होल्डरच्या स्प्रिंगच्या चिमट्या सैल झालेल्या आणि गंजलेल्या असतील, तर नव्या फ्यूजची टोपी त्यांत घुसताना त्याही घासल्या जाऊन थोड्या स्वच्छ होतात. सैल स्पर्श ही खरी बाधा आहे; तिच्यामुळे खरखर होते, यंत्र मध्येच गप्प होते आणि होल्डर तापतो. पण ती दूर होण्याचे श्रेय नव्या फ्यूजला देणे म्हणजे चष्म्याची काच पुसल्यावर नव्या दांडीचे कौतुक करण्यासारखे आहे.

माझाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी फ्यूज बदलला आणि खर्जात एवढी सुधारणा ऐकू आली की, मी दोन मित्रांना त्याच संध्याकाळी बोलावून घेतले. आठवडाभराने खोली झाडताना फरशीवरच्या जुन्या खुणेवरून ध्यानात आले की, यंत्रापर्यंत पोहोचण्यासाठी मी डावा स्पीकर वीतभर पुढे सरकवला होता आणि तो परत जागेवर ठेवलाच नव्हता. भिंतीपासूनचे स्पीकरचे अंतर एवढे बदलले की, खर्जाच्या काही सुरांची पातळी कित्येक डेसिबलने वर-खाली होते. त्यासाठी फ्यूजला हात लावण्याची गरज नाही.

म्हणून एक साधा उपाय सुचवतो. यंत्राचा प्लग भिंतीतून काढून जुनाच फ्यूज बाहेर काढावा, त्याच्या टोप्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसाव्यात, होल्डर यंत्राच्या बाहेरून उघडणारा असेल तर त्याचेही स्पर्श पुसावेत आणि तोच फ्यूज परत बसवावा. मग ऐकावे. सुधारणा जाणवली, तर ती फुकटात मिळाली. पत्नीच्या साक्षीबद्दल एवढेच म्हणेन की, आपण फ्यूज बदलत आहात हे तिला आधीपासून माहीत नव्हते, याची खात्री करून घ्यावी. हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि चेहऱ्यावर उत्सुकता घेऊन फिरणारा माणूस घरात लपत नाही.

प्रश्न : महागड्या फ्यूजवर बाण छापलेला असतो. तो उलटा बसवला तर आवाज मंद होतो, असे विक्रेता म्हणतो. खरे काय?

उत्तर : भिंतीतून येणारा प्रवाह एसी, म्हणजे प्रत्यावर्ती असतो, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात तो सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. त्यामुळे बाण कोणत्या दिशेने धरला, हे त्याला एका अर्ध्या आवर्तनात मानवले तर दुसऱ्या अर्ध्यात मानवणार नाही.

तरीही क्षणभर मानू की, या तारेतून प्रवाह एका दिशेने दुसरीपेक्षा थोडा सुलभ जातो. तसे असेल तर ती अर्धवट रेक्टिफायरच झाली, आणि तिच्यामुळे ट्रान्सफॉर्मरमध्ये थोडा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, दाब शिरेल. टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचे ट्रान्सफॉर्मर या बाबतीत फार नाजूक असतात; पुरवठ्यात थोडासा डीसी शिरला तरी त्यांच्या गाभ्याचे चुंबकन एका बाजूला झुकते आणि ते खोलीत ऐकू येईल असे गुरगुरू लागतात. मग बाणाचा परिणाम स्पीकरमधल्या सूक्ष्म छटांत शोधण्याचे कारण उरणार नाही, कपाटाला कान लावला की तो कळेल. साध्या बाणहीन फ्यूजनेही कोणाच्या ट्रान्सफॉर्मरला अशी गुरगुर लावलेली नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या मार्गातच फ्यूज आहेत, प्रत्येक बाजूला एक. इथेही आपले तेच उत्तर आहे का?

उत्तर : नाही, इथे उत्तर वेगळे आहे, आणि या सदरातील सर्वांत अभ्यासपूर्ण प्रश्न आपला आहे असे मी म्हणेन. पुरवठ्याच्या बाजूचा फ्यूज संगीताच्या मार्गात नसतो; स्पीकरच्या मार्गातला फ्यूज मात्र संगीताच्याच प्रवाहात उभा असतो, आणि तो ॲम्प्लिफायरच्या फीडबॅकच्या, म्हणजे निर्गत तपासून स्वतःची चूक सुधारण्याच्या, वर्तुळाबाहेर असेल तर त्याचे दोष ॲम्प्लिफायरला सुधारता येत नाहीत.

धातू तापला की त्याचा रोध वाढतो. तांबे-चांदीच्या बाबतीत ही वाढ दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के आहे, म्हणजे तार अडीचशे अंशांनी तापली की रोध दुप्पट होतो. फ्यूजची तार इतकी बारीक असते की ती झटकन तापते आणि झटकन निवते. मंद्र सुरांच्या वेळी, म्हणजे वीस-तीस हर्ट्झच्या आसपास, प्रत्येक अर्ध्या आवर्तनात तिचे तापमान वर-खाली होऊ लागते आणि रोध संगीताबरोबरच हिंदकळतो. सिग्नलच्या बळावर अवलंबून असलेला रोध म्हणजेच विकृती, आणि इथे ती प्रामुख्याने तिसऱ्या हार्मोनिकच्या, म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट कंप्रतेच्या सुराच्या, रूपाने दिसते. सूर जसजसा वर जातो तसतशी तारेला निवायला उसंत मिळत नाही, तापमान सरासरीवर स्थिर राहते आणि विकृती कमी होते. ही विकृती मोजता येते, आणि ॲम्प्लिफायरच्या मांडणीचा अभ्यास करणाऱ्यांनी ती मोजलेलीही आहे. फ्यूजची क्षमता जितकी कमी आणि प्रवाह तिच्या जितका जवळ, तितकी ती अधिक.

पण प्रमाण विसरू नये. आठ ओहमच्या स्पीकरपुढे ०.०५ ओहमचा फ्यूज असेल, तर आवाजाची पातळी त्यामुळे सुमारे ०.०५ डेसिबलने घटते. ही घट कानाला कळत नाही. डॅम्पिंग फॅक्टरविषयी, म्हणजे स्पीकरचा रोध ॲम्प्लिफायरच्या निर्गत रोधाच्या किती पट आहे याविषयी, लोक फार काळजी करतात. ॲम्प्लिफायरचा निर्गत रोध ०.०२ ओहम असेल तर हा फॅक्टर ४०० येतो आणि हा फ्यूज घातल्यावर ११४ च्या आसपास उतरतो, हे ऐकून घाबरायला होते. मात्र स्पीकरच्या स्वतःच्या वेटोळ्याचा डीसी रोध सहा ओहमच्या आसपास असतो आणि पडद्याची थरथर आवरण्याचे बरेचसे काम त्याच रोधाने मर्यादित झालेले असते. दीड चौरस मिलिमीटरची तीन मीटर लांब केबल जाऊन-येऊन आणखी ०.०७ ओहम घालते, त्याकडे मात्र कोणी पाहत नाही.

यावर उपाय महागडा फ्यूज हा नव्हे, कारण चांदीही तापते आणि तिचाही रोध तसाच वाढतो. नव्या ॲम्प्लिफायरांत स्पीकरच्या मार्गात फ्यूज न घालता, निर्गतावर डीसी आल्यास स्पीकर तोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, असतो; जाणत्या तंत्रज्ञाकडून आपल्या यंत्रात असा रिले बसवून घेता आला तर प्रश्न मुळातूनच सुटतो. तोवर फ्यूज आहे तसा ठेवावा. तो काढून तिथे तारेचा तुकडा लावण्याचा मोह आपल्याला होईल, कारण या एका जागी त्याने आवाजात तत्त्वतः खरोखरच सुधारणा होते. पण जुन्या ॲम्प्लिफायरचा निर्गत ट्रान्झिस्टर फुटला की पुरवठ्याचा सारा डीसी दाब स्पीकरच्या वेटोळ्यावर येतो, आणि ते वेटोळे काही क्षणांत जळून जाते.

प्रश्न : फरक आहे की नाही, हे घरच्या घरी कसे तपासावे?

उत्तर : काय बसवले आहे हे न कळता ऐकण्याची पद्धत नवी नाही, १९५० मध्ये बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील डब्ल्यू. ए. मन्सन आणि मार्क गार्डनर यांनी तिचे एबीएक्स या नावाने ओळखले जाणारे रूप मांडले. फ्यूजच्या बाबतीत अडचण अशी की, तो क्षणात बदलता येत नाही आणि ध्वनीच्या बारीक छटांची आपली स्मृती काही सेकंदांतच पुसट होते. तरी उपाय आहे.

एका मित्राची मदत घ्यावी. प्रत्येक फेरीत त्याने नाणे उडवून, आपण खोलीबाहेर असताना, यंत्राचा प्लग काढावा, फ्यूज बाहेर काढावा आणि काटा पडला तर तोच, छापा पडला तर दुसरा बसवावा; हालचाल आणि लागणारा वेळ दोन्ही वेळी सारखाच असावा. आवाजाच्या बटणाला कोणीही हात लावू नये, कारण पातळीतला डेसिबलच्या काही दशांशांचा फरकही कानाला ‘अधिक जिवंत’ वाटतो. मित्राने नोंद ठेवावी, आपण स्वतंत्र कागदावर आपले उत्तर लिहावे आणि दहा फेऱ्या होईपर्यंत ताडून पाहू नये. दहापैकी आठ किंवा अधिक उत्तरे निव्वळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता साडेपाच टक्के आहे. नऊ किंवा दहा बरोबर आली तर ती एका टक्क्याच्या आसपास उतरते. सहा-सात आली तर नाणेच बोलले असे समजावे. हा दहा फेऱ्यांचा खटाटोप महागडा फ्यूज विकत घेण्याआधी, उसना आणून करावा. पैसे दिल्यानंतर कान पक्षपाती होतात.

ऐकण्याऐवजी मोजायचे असेल, तर ॲम्प्लिफायरच्या निर्गतावरून, सिग्नल योग्य प्रमाणात कमी करून, एकच तुकडा दोन्ही फ्यूजांसह संगणकावर ध्वनिमुद्रित करावा आणि दोन मुद्रणे एकमेकांतून वजा करून पाहावीत. मात्र त्याआधी एकाच फ्यूजची दोन मुद्रणे काढून तीही वजा करावीत. ही दुसरी वजाबाकी बहुतेक जण गाळतात, आणि मग यंत्राचे तापणे किंवा ध्वनिमुद्रणाच्या घड्याळाचे सूक्ष्म मागे-पुढे होणे हीच त्यांना फ्यूजची करामत वाटते.

प्रश्न : फ्यूजची क्षमता थोडी वाढवली तर संगीत ‘मोकळा श्वास’ घेते असे म्हणतात. काही जण तर फ्यूजऐवजी तांब्याची भरीव कांडी घालतात. घरच्या वीजपेटीत एमसीबी आहेच, मग हरकत काय?

उत्तर : हरकत आगीची आहे.

वीजपेटीतला १६ ॲम्पियरचा एमसीबी भिंतीतल्या तारांचे रक्षण करतो, आपल्या ॲम्प्लिफायरचे नव्हे. २३० व्होल्टवर १६ ॲम्पियर म्हणजे ३,६८० वॅट. तेवढी शक्ती आपल्या यंत्रात कितीही वेळ जात राहिली तरी तो एमसीबी जागचा हलणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने सारे सुरळीत आहे. आता समजा, ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातील काही वेढे आतल्या आत जुळले आणि तो चार ॲम्पियर ओढू लागला. ही सुमारे नऊशे वॅटची उष्णता झाली, एका खोलीच्या हीटरएवढी, आणि ती लाकडी कपाटातल्या बंद डब्यात कोंडलेली. दोन ॲम्पियरचा योग्य फ्यूज अशा वेळी मार्ग तोडतो, दहा ॲम्पियरचा फ्यूज शांत बसतो, आणि तांब्याच्या कांडीविषयी बोलायलाच नको. ही कांडी विकणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. महाग फ्यूज विकणारा फक्त आपला खिसा हलका करतो.

केवळ ॲम्पियरचा आकडा जुळवणेही पुरेसे नाही. फ्यूजच्या टोपीवर बारीक अक्षरांत जे छापलेले असते, त्यात तो किती वेगाने उडतो हे असते: एफ म्हणजे शीघ्र, टी म्हणजे सावकाश. ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे कपॅसिटर सुरू होताना क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतात, म्हणून पुरवठ्याच्या बाजूला सहसा टी फ्यूज असतो. तिथे एफ घातला तर तो यंत्र सुरू करतानाच उडू शकतो. टी फ्यूजच्या काही प्रकारांत तारेवर कथिलाचा एक थेंब असतो. क्षणिक झटका तो सोसतो, पण अतिप्रवाह टिकून राहिला की २३२ अंशांना वितळणारे कथील तारेत भिनते आणि तिला एरवीपेक्षा खूप कमी तापमानाला तोडते.

त्यापुढचे अक्षर दुर्लक्षिले जाते, ते एच किंवा एल. शॉर्ट सर्किटच्या वेळी किती मोठा प्रवाह हा फ्यूज सुरक्षितपणे तोडू शकतो, हे त्यातून कळते. २५० व्होल्टच्या एच प्रकारासाठी ही मर्यादा १,५०० ॲम्पियर आहे. एल प्रकारासाठी ती ३५ ॲम्पियर किंवा फ्यूजच्या क्षमतेच्या दहापट, यांपैकी जी जास्त असेल ती. एच प्रकारात बहुधा चिनी मातीची नळी आणि तीत वाळू असते. तार तुटताना पेटणारी ठिणगीची ज्वाळा ही वाळू विझवते. त्याजागी साधा काचेचा फ्यूज घातला तर तार तुटूनही ज्वाळेतून प्रवाह चालू राहू शकतो आणि काच फुटू शकते. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये उच्च दाबाच्या डीसी बाजूला फ्यूज असेल, तर अधिकच सावध राहावे. एसी प्रवाह प्रत्येक अर्ध्या आवर्तनात शून्यावर येतो आणि ज्वाळेला विझायची संधी देतो. डीसीमध्ये ती संधी नसते, म्हणून २५० व्होल्ट एसीसाठीचा फ्यूज चारशे-पाचशे व्होल्ट डीसीच्या मार्गात घालू नये.

आणखी एक बारकावा, कारण महागडे फ्यूज वेगवेगळ्या मानकांनुसार बनतात आणि काहींवर कुठल्याच मानकाची खूण नसते. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०१२७ नुसार बनलेला टी फ्यूज आपल्या आकड्याच्या दीडपट प्रवाह निदान तासभर सोसतो, तर अमेरिकी यूएल मानकाचा फ्यूज १३५ टक्के प्रवाहाला तासाभरात उडायलाच हवा. म्हणजे आकडा तोच असला तरी दोघांचे वागणे वेगळे असते. यंत्राच्या मागे जे छापले आहे, तेच आकडे, तीच अक्षरे आणि तेच मानक असलेला, मानकाची खूण असलेला फ्यूज घ्यावा. १२० व्होल्टच्या प्रदेशातून आणलेले यंत्र २३० व्होल्टवर वळवून घेतले असेल, तर फ्यूजची क्षमता साधारण निम्मी करावी लागते, ६.३ ॲम्पियरच्या जागी ३.१५. हे करायचे राहून जाते आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण यंत्र उत्तम वाजत असते.

प्रश्न : उडालेल्या फ्यूजकडे पाहून बिघाड ओळखता येतो का?

उत्तर : काचेचा असेल तर बऱ्याच अंशी येतो. काच आतून काळी पडली असेल किंवा तिच्यावर चकचकीत आरशासारखा थर बसला असेल, तर प्रवाह अचानक फार मोठा झाला, म्हणजे बहुधा शॉर्ट सर्किट आहे. असे असताना दुसरा फ्यूज घालून पाहू नये, यंत्र दुरुस्तीला द्यावे. काच स्वच्छ आणि तार मध्यावर नुसती तुटलेली असेल, तर मर्यादेपेक्षा किंचित जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला, किंवा सुरू करतानाच्या झटक्यांनी वर्षानुवर्षे ताणली गेलेली तार थकून तुटली. अशा वेळी त्याच प्रकारचा एक फ्यूज घालून पाहायला हरकत नाही. तोही उडाला तर तिसरा घालू नये.

फ्यूज यंत्राच्या आत सर्किटवर बसवलेला असेल, तर आवरण उघडण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे की प्लग काढल्यानंतरही आतले कपॅसिटर भारित राहू शकतात. २३० व्होल्टवरील स्विच मोड पुरवठ्यात तो दाब ३२५ व्होल्टच्या आसपास असतो. तिथे हात घालण्याचा सराव नसेल, तर ते काम तंत्रज्ञावर सोपवावे.